ताजुद्दीन ब्रसेल्सला बोलला

राबिघच्या बाहेर, समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या त्या लेबर कॅम्पात ताजुद्दीनला शोधायला कुणाला विचारावं लागत नसे. जिथं भांडण चाललेलं असेल तिथं तो मिटवायला असे आणि जिथं जेवण चाललेलं असेल तिथं वाढायला. हुद्दा मेस सुपरवायझरचा, म्हणजे भात करपला तर शिव्या खायच्या आणि नाही करपला तर कुणी विचारायचंही नाही. रायगडातल्या म्हसळ्याकडचा हा माणूस ऐन पंचविशीत सौदीला आला. आधी हफ्र अल बातिनला, मग दम्मामला, आता राबिघला. पोट सुटलं, गुडघे बोलायला लागले, पण आवाज होता तसाच खणखणीत राहिला. त्या आवाजावरच त्याची सगळी पत होती.

कोकणातले मुसलमान कुठंही गेले तरी गावची जमात बरोबर नेतात. राबिघमध्येही ती होती. पाटी नाही, शिक्का नाही. दर जुम्म्याला नमाजनंतर कादिरच्या खोलीत माणसं जमत. कादिर हा राबिघ गावात मोबाइलचं दुकान चालवणारा, वयानं सगळ्यांत मोठा. तिथं सोयरिका जुळत, भांडणं तुटत, कुणाचं प्रेत गावी पाठवायचं असेल तर त्याची धावपळ वाटली जाई. आणि चार माणसांच्या वतीनं काही बोलायचं असलं की सगळे ताजुद्दीनकडे बघत.

त्या बोलण्याची एक रीत होती. उभं राहायचं. आधी अल्लाची स्तुती करायची, मग हजर असलेल्या बुजुर्गांचे आभार मानायचे. मग जे जे बरं आहे ते मन भरून सांगायचं: रोजी आहे, डोक्यावर छत आहे, शेजारी भला आहे. आणि अगदी बसता बसता, आवाज खाली आणून, जे दुखतंय ते. आधीच गाऱ्हाणं मांडणारा माणूस म्हणजे नाशुक्रा, उपकार न जाणणारा. त्याचं कोण ऐकणार? ऐकणारेही रीतीला सरावलेले. स्तुती जितकी लांब तितकं गाऱ्हाणं जड, हे तिथं शेंबड्या पोरालाही कळे. एकदा एकानं जमातीच्या चहाची तारीफ इतकी लांबवली, की लोकांनी त्याच्या भावाला हळूच विचारलं, "घरी कोन गेला रे?" आणि खरोखरच गेलं होतं.

ताजुद्दीनचा थोरला मुलगा आकिब ऑक्टोबरात राबिघला आला, तो बापाच्याच ओळखीनं. एका युरोपियन कंपनीचा रसायनांचा नवा कारखाना तिथं उभा राहत होता आणि माणसं पुरवणारा ठेकेदार तोच होता, ज्याच्या मेसमध्ये ताजुद्दीन भात शिजवत होता. आकिब स्कॅफोल्डिंगच्या टोळीत लागला. पाइपांची परांची बांधत उंचावर चढायचं काम. पोरगा सडपातळ, नारळावर चढलेला, त्याला ते सोपं गेलं. गावी मेहेक नावाच्या मुलीशी त्याचं ठरलेलं होतं. बदरुन्निसानं, म्हणजे त्याच्या आईनं, अंगठी घालून ठेवली होती. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मग जून उजाडला.

सौदीत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भर दुपारी उन्हात काम घ्यायला बंदी आहे. कायदा चांगला आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण कायद्यात लिहिलंय "उन्हात", आणि ठेकेदार वाचायला हुशार. कारखान्यात तेलाच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या राहत होत्या. वर लोखंडी छप्पर, चारी बाजूंनी लोखंडी भिंत, खाली माणूस जेमतेम आत सरकेल एवढं भोक. टाकीच्या आत ऊन कुठं असतं? मग दुपारी पोरांना टाकीत घाला. नियमही पाळला, कामही झालं! बाहेर उन्हात उभं राहिलेला माणूस निदान सावली शोधू शकतो. आतल्याला तीही सोय नाही, कारण तो सावलीतच आहे.

बंदी लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आकिबला टाकीतून ओढून बाहेर काढलं. शुद्धीवर आला तेव्हा लघवी चहासारखी होत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं ताजुद्दीनला बाजूला घेऊन सांगितलं, की मूत्रपिंडांना मार बसलाय. या वेळी निभावलं. पण हा उन्हाळा तो असाच भट्टीत राहिला तर जन्मभर डायलिसिसच्या मशीनला लावावं लागेल. दोन दिवस आराम लिहून दिला. तिसऱ्या दिवशी आकिब पुन्हा टाकीत.

आता कुणी म्हणेल, मग जातो कशाला? म्हणायला काय जातं! कामावर गेला नाही तर पळून गेल्याची नोंद, हुरूब, आणि मग इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खलास. दुसरीकडे बदली करून घ्यायची तर वर्ष पुरं व्हायला हवं, म्हणजे ऑक्टोबर. ताजुद्दीननं कॅम्प मॅनेजर विजयकुमारचे पाय धरायचे बाकी ठेवले. "माझ्या हाताखाली द्या त्याला, भांडी घासंल." विजयकुमार म्हणाला, "व्हिसा स्कॅफोल्डर का है, ताजुद्दीनभाई." आणि खुद्द आकिब गावी परतायला तयार नव्हता.

"पहिल्या वर्षी परत गेलो तर मेहेकचा बाप काय म्हनंल? पलपुटा म्हनतील मला, अब्बा," तो म्हणायचा.

"आनि मशीनला लावलास तर काय म्हनतील?"

"काय नाय होत. बाकीची पोरां जातात ना?"

बाकीची पोरं जातात, हे खरंच होतं. ताजुद्दीन रोज दुपारी मेसच्या खिडकीतून टाकीकडे बघत उभा राही आणि आमटी उतू जाई.

कारखान्यावर इंद्रनील नावाचा नाशिकचा एक सेफ्टी इंजिनियर होता, युरोपियन कंपनीच्या बाजूचा. पोरगा सरळ. मराठी ऐकायला म्हणून मेसमध्ये येऊन बसायचा. त्यानं टाकीबद्दल वर दोनदा लिहिलं होतं आणि दोनदा उत्तर आलं होतं, की छप्पर असल्यामुळे नियम मोडलेला नाही. ताजुद्दीननं त्याला आकिबची सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, "काका, माझी बहीण रेवा ब्रसेल्सला आहे. तिच्याशी बोलून बघू या."

ब्रसेल्सची तऱ्हा आपल्याला नवी वाटेल, म्हणून सांगतो. युरोपातल्या देशांचा एकत्र कारभार तिथून चालतो. आर्थिक नाहीतर सामाजिक धोरण ठरवायचं झालं, की कामगार संघटना, मालक, शेतकरी, ग्राहक, धर्मादाय संस्था अशा सगळ्यांना बसवून त्यांचं म्हणणं मागवतात. ही मंडळी साक्षी काढतात, वाद घालतात आणि शेवटी सल्ला लिहून देतात. तो ऐकायचा की नाही, ही राज्यकर्त्यांची मर्जी. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लग्न ठरवावं आणि मुहूर्त मात्र आपल्याच सोयीनं काढावा, तशातला प्रकार. रेवा तिथल्या एका कामगार संस्थेत होती, आणि त्या उन्हाळ्यात नेमका प्रश्न असा होता: युरोपियन कंपनीनं परदेशात ठेकेदारामार्फत घेतलेल्या मजुरांची जबाबदारी त्या कंपनीवर टाकायची का?

फोनवर रेवा भडाभडा बोलली. "काका, सल्ला कुणी मानो न मानो, ते पुढचं. पण या साक्षीला तुमच्या कंपनीचा माणूस समोर बसणार आहे. आणि सगळं रेकॉर्डवर जातं. 'टाकी' हा शब्द तिथं एकदा उच्चारला गेला ना, की त्यांना दुसऱ्या दिवशी फोन करून ते काम थांबवावंच लागेल. लाजेकाजेस्तव का होईना. तुम्ही फक्त सांगा. मराठीत सांगा, मी इंग्रजी करते. नाव, चेहरा लपवता येईल."

"तोंड लपवून दिली ती साक्ष कसली, बेटी?" ताजुद्दीन म्हणाला.

"बरं. वेळ सात मिनिटं आहे. माझं भाषांतर धरून."

"हो, हो," तो म्हणाला. सात मिनिटं म्हणजे जमातीत घसा साफ करायला लागतात, पण हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं: फोन, टाकी, बंद.

जमातीनं एकमतानं त्याला उभं केलं. टाकीत जाणारी पोरं गावचीच होती, तल्हा होता, आणखी चार-पाच होते. कुणी म्हणालं नाही की जळात राहून माशाशी वैर नको. कादिरनं तर आपली खोली झाडून घेतली, मोबाइल स्टँडवर लावला, पंखा बंद केला, आवाज येऊ नये म्हणून. जुम्म्याची नमाज झाली होती. पोरं भिंतीला टेकून दाटीनं बसली. आकिब दाराजवळ.

पडद्यावर मोठी थोरली सभा दिसली. मधोमध एक पिकल्या केसांची बाई होती, पोर्तुगालची, तीच अध्यक्ष. तिनं मान लववून विचारलं, ताजुद्दीनसाहेब, आपण कसे आहात, घरचे कसे आहेत. रेवानं ते मराठीत सांगितलं. आणि तिथंच घात झाला. त्या बाईनं सरळ विचारलं असतं की बाबा, काय त्रास आहे, तर ताजुद्दीन कदाचित सरळ बोललाही असता. पण तिनं विचारपूस केली, बुजुर्गासारखी, आणि ताजुद्दीन जमातीत उभा राहायचा तसा उठून उभा राहिला.

त्यानं अल्लाची स्तुती केली. सभेचे आभार मानले, बाईला दीर्घायुष्य चिंतलं. रेवा भाषांतर करत गेली. मग त्यानं सौदीचे आभार मानले, जिनं पंचवीस वर्षांवर रोजी दिली. मशीद कॅम्पातच आहे हे सांगितलं. खोल्यांना एसी आहे, आठवड्याला कोंबडी मिळते, पिण्याचं पाणी थंड असतं. पाण्याचं त्यानं पुन्हा एकदा सांगितलं. इतकं गोड तो आयुष्यात बोलला नव्हता. पोराच्या जिवाची गोष्ट होती. तिला शोभेल एवढी स्तुती आधी नको का?

खोलीतल्या माणसांना कळत होतं. कादिरनं डोळ्यांना रुमाल लावला. एवढं थंड पाणी ज्यानं आळवलं त्याचं गाऱ्हाणं किती जड असेल, हे तल्हाला कळलं, भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाला कळलं. आकिबला बसवेना; तो उठून बाहेर गेला. ब्रसेल्समध्ये मात्र एक माणूस हसतमुखानं मान डोलावत होता. तो कंपनीचा.

ताजुद्दीननं श्वास घेतला. आवाज खाली आणला. "आता एक गोष्ट, जाता जाता," तो म्हणाला, आणि पलीकडे टुणकन घंटी वाजली. बाईनं छातीवर हात ठेवून त्याचे फार फार आभार मानले. पडद्यावर दुसराच कुणीतरी आला, बहुतेक मोरोक्कोचा, टोमॅटोच्या शेतातला. तो पहिल्या वाक्यापासून ओरडत होता.

"ऐका ना! बेटी, रेवा, त्यांना सांग, मुद्द्याचा राहिला!" ताजुद्दीन मोबाइलवर ओणवा होऊन ओरडला. त्याचा आवाज तिकडून बंद केलेला होता. ताकाला गेला आणि भांडं लपवून परत आला, असं कुणी म्हणावं. पण बिचाऱ्यानं भांडं लपवलं नव्हतं, ते पदराखालून काढायलाच घेतलं होतं.

संध्याकाळी रेवाचा फोन आला. ती आधी चिडलेली होती. "काका, तुम्ही घाबरलात का? कुणी धमकी दिली का?" ताजुद्दीननं तिला रीत समजावून सांगितली तेव्हा ती रडायला लागली. "मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला मध्येच थांबवलं असतं. मला वाटलं, मोठा माणूस बोलतोय, कसं तोडू?" दोघंही आपापल्या जागी मर्यादेनं वागले आणि दोघांनी मिळून पोराचं वाटोळं केलं. याला काय म्हणावं, मला तरी सुचत नाही.

"मला पुन्हा बोलू दे, बेटी. या टायमाला मी सलामसुद्धा करनार नाय. पहिला शब्द टाकी."

तिनं पुष्कळ धडपड केली. अध्यक्षबाईंना भेटली. बाई वाईट नव्हत्या. त्यांना ऐकून धक्का बसला. पण साक्षी संपल्या होत्या, मसुदा मतदानाला निघाला होता, एकाला पुन्हा बोलू दिलं तर कंपन्याही पुन्हा मागतील. पुढची बैठक सप्टेंबरच्या शेवटी आहे, तेव्हा त्यांना नक्की पहिलं बोलवू, असं त्यांनी कळवलं. सप्टेंबरच्या शेवटी! तोवर उन्हाळा संपतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आठवड्यानं सल्ला मंजूर झाला. त्यात एक वाक्य असं होतं, की सौदी अरेबियातल्या एका कामगार प्रतिनिधीनं निवास, अन्न, पाणी आणि उपासनेच्या सोयींबद्दल समाधान व्यक्त केलं. रेवानं ते वाचून दाखवलं आणि फोन ठेवला.

विजयकुमार मात्र मेसमध्ये मिठाईचा डबा घेऊन आला. वरून साक्षीच्या रेकॉर्डिंगसकट शाबासकी आली होती. त्यानं सगळ्यांसमोर ताजुद्दीनला मिठी मारली आणि त्याच्या तोंडात पेढा कोंबला. ताजुद्दीननं तो गिळला. त्याला थुंकता आलं असतं, पण गिळला.

त्या रात्री आकिबची लघवी पुन्हा चहासारखी झाली. आकिबनं लपवलं, त्याच्या खोलीतल्या तल्हानं येऊन सांगितलं. ताजुद्दीननं मुलाला हात जोडले. "उद्या नको जाव. परवा पन नको जाव. जा गावाला, बदनामी मी घेतो माझ्या डोक्यावर." आकिब त्याचे हात सोडवत म्हणाला, "अब्बा, सगल्या दुनियेला तुम्ही सांगितलात, बरा चाललाय. आता मी कोनच्या तोंडानं सांगू, की मला झेपत नाय?"



दुसऱ्या दिवशी दुपारी ताजुद्दीननं भाताची डेग चुलीवर अर्धवट टाकली, अॅप्रन काढला आणि उन्हातून चालत टाकीपाशी गेला. पोरं आत शिरायला रांगेत उभी होती. तो सरळ भोकासमोर गेला आणि आपलं जड अंग त्याला टेकवून मांडी घालून बसला. कुणाला आत जायला फट उरली नाही.

फोरमन ओरडला. मग त्यानं फोन लावला आणि विजयकुमार गाडीतून आला. आधी तो हसला. "ताजुद्दीनभाई, ये क्या तमाशा? आपने तो कंपनी का नाम रोशन किया."

"अंदर आग है. मेरा बच्चा मरेगा," ताजुद्दीन म्हणाला. स्तुती नाही, आभार नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यानं गाऱ्हाणं आधी सांगितलं, इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या क्रेनवाल्यानं मान वळवली. "डॉक्टर ने बोला है. ये छाव नहीं है, ये तंदूर है. सबके बच्चे मरेंगे. काम बंद करो!"

विजयकुमारनं शांतपणे खिशातून मोबाइल काढला आणि चालू केला. त्यातून ताजुद्दीनचाच आवाज आला, खणखणीत: कोंबडी मिळते, एसी आहे, पाणी थंड असतं, पाणी फार थंड असतं. "ये कौन है?" विजयकुमारनं विचारलं. "मैं किसकी मानूँ? इसकी, या आपकी?"

  खणखणीत गळा असलेला माणूस, त्याच्याजवळ स्वतःच्या आवाजाला द्यायला उत्तर नव्हतं.

फोरमननं घड्याळ दाखवून पोरांना सांगितलं, की आत गेला नाहीत तर सगळ्यांची गैरहजेरी लागेल. पोरांची चुळबूळ सुरू झाली. त्यांच्याचसाठी तो बोलला होता, त्यांच्याचसाठी बसला होता. तल्हा पुढं आला, खाली बघत म्हणाला, "चाचा, उठा ना. आमची पन लागंल." ताजुद्दीननं मान हलवली, नाही म्हणून. मागून आणखी एकानं म्हटलं, "उठा, चाचा."

मग आकिब आला. त्यानं वाकून बापाच्या काखेत हात घातले. ताजुद्दीननं भोकाची लोखंडी कड घट्ट धरली, पण कड इतकी तापलेली होती की बोटं आपोआप सुटली. आकिबनं त्याला उचलून चार पावलं बाजूला नेलं, टाकीच्या सावलीच्या अरुंद पट्टीत बसवलं आणि स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या मांडीत ठेवली.

"प्या, अब्बा. थंड हाय," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. पोरगा खरंच बापाला पाणी देत होता. मग तो वळला, हेल्मेट सारखं केलं, आधी पाय आत सोडले, मग कंबर, मग खांदे, आणि दिसेनासा झाला. त्याच्यामागं तल्हा गेला, मग एकेक करून बाकीचे. विजयकुमार गाडी वळवून निघून गेला.

आतून पाइपांवर हातोड्याचे घाव ऐकू यायला लागले. ताजुद्दीन गुडघ्यांवर सरकत टाकीच्या भिंतीपाशी गेला. आवाज जिथून येत होता तिथं त्यानं पत्र्यावर तळहात टेकवला. तो ठेववेना. त्यानं काढला आणि दुसरा ठेवला.